आधी पेन, मग लॅपटॉप: नाटकाच्या तालमीसाठी टू-इन-वन निवडताना

फोंडा तालुक्यातल्या आमच्या नाट्यमंडळाने गेल्या हंगामात लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. पैसे वर्गणीचे, म्हणून पेन आणि कव्हर धरून खर्च लाखाच्या आत बसवायचा होता. यंत्र वापरणार दोघं: दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, आणि प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या बाई. बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. मी दिवसा एका कार्यालयात संगणकांची देखभाल करते आणि संध्याकाळी मंडळाची प्रकाशयोजना बघते, म्हणून पारख करायचं काम माझ्याकडे आलं. कोणतं यंत्र घ्या हे मी इथे सांगणार नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात. आम्ही काय तपासलं आणि कशावरून ठरवलं, तेवढं सविस्तर लिहिते.

गरज नेमकी काय होती

गोव्यात एकच नाटक दोन-तीन रूपांत होतं. कला अकादमीच्या स्पर्धेला ते वेळेच्या चौकटीत बसवायचं. तेच पुढे एखाद्या देवळाच्या उत्सवात उघड्या मंचावर करायचं, तिथे प्रेक्षक निवांत बसलेला असतो आणि कापलेले प्रवेश परत घालावे लागतात. रंगमंच बदलला की हालचाली बदलतात, हालचाली बदलल्या की प्रकाशाच्या जागा बदलतात. हे सगळं संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहिलं जातं. सरांच्या प्रतीत एक, बाईंच्या प्रतीत दुसरं, माझ्या प्रतीत तिसरं. रंगीत तालमीच्या दिवशी तिघांच्या प्रती जुळत नाहीत आणि नटाने कापलेलं वाक्य बाई पुरवतात. नट गोंधळतो, बाईंना वाईट वाटतं.

तेव्हा हवं होतं ते असं: सरांनी पडद्यावरच्या संहितेवर हाताने लिहावं, तीच प्रत रात्री सगळ्यांच्या फोनवर जावी आणि प्रयोगाला बाईंनी त्याच प्रतीवरून प्रॉम्प्टिंग करावं. शिवाय नवीन संहिता टाईप करणं, पार्श्वसंगीताचे तुकडे कापणं, जाहिरातीचा मजकूर तयार करणं हीही कामं होती, म्हणून नुसता टॅब्लेट पुरला नसता. कीबोर्ड मागे पूर्ण वळवून टॅब्लेटसारखे वापरता येणारे लॅपटॉप, म्हणजेच टू-इन-वन, २०१२मध्ये लिनोवोने योगा मालिका आणल्यापासून घराघरांत ओळखीचे झाले. आमच्यासमोर आली ती तिन्ही यंत्रं त्याच जातीची होती. एक मैत्रिणीचं, एक ओळखीच्या दुकानातलं, एक मंडळातल्या एका मुलाच्या चुलत्याचं. तिन्ही आम्ही तालमीला आणून वापरून पाहिली.

पेनांमध्ये फरक असतो

दुकानात पहिली माहिती मिळते ती प्रोसेसरची, मग रॅमची, मग पडद्याची. पेन शेवटी, तेही "पेन चालतं" एवढंच. पण ज्याला पेनानेच काम करायचं आहे त्याने क्रम उलटा लावायला हवा. रॅम १६ जीबी आहे की नाही हे डब्यावर वाचता येतं. अनुस्वार उमटतो की नाही हे लिहूनच कळतं.

विंडोज लॅपटॉपमध्ये मुख्यत्वे तीन जातींची पेनं आढळतात. पहिली मायक्रोसॉफ्टची, एमपीपी. ही मूळची एन-ट्रिग या इस्रायली कंपनीची. ते तंत्र मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये विकत घेतलं. दुसरी वॅकॉमची एईएस. या दोन्हींत पेनाच्या आत वीज लागते, मग ती बारीक बॅटरीची असो की चार्ज होणारी. पेनाच्या टोकातून निघणारा संकेत पडद्यातल्या त्याच स्पर्शजाळीला कळतो जिला बोट कळतं. तिसरी जात ईएमआर, हीसुद्धा वॅकॉमची. हिच्यात पडद्यामागे वेगळा थर असतो. तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेन त्याच क्षेत्रातून आपली ऊर्जा घेतं. म्हणून या पेनाला बॅटरी नसते. सॅमसंगचं एस पेन याच तत्त्वावर चालतं.

एका जातीचं पेन दुसऱ्या जातीच्या पडद्यावर चालत नाही. काही पेनं एमपीपी आणि एईएस दोन्ही बोलतात, पण ते खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धरून चालावं. पेन हरवलं तर नवं काय भावाने आणि कुठून मिळेल, हे आधी विचारून ठेवणं त्यामुळेच महत्त्वाचं. आमच्यापुढच्या पहिल्या यंत्राचं पेन वेगळं विकत घ्यायचं होतं आणि त्यात एएएए मापाची बॅटरी लागत होती. घड्याळात, रिमोटमध्ये घालतो त्या एएए बॅटरीहून ही आणखी बारीक. फोंड्याच्या बाजारात चार दुकानं फिरल्यावर एकाने ती मागवून देतो म्हणून सांगितलं. प्रयोगाच्या दिवशी बॅटरी संपली तर मागवून चालत नाही.

पेनाच्या जाहिरातीत ४,०९६ दाबपातळ्यांचा आकडा ठळक असतो. चित्रकाराला त्याचा उपयोग आहे. समासात "इथे डावीकडून प्रवेश" लिहिणाऱ्याला नाही. त्याला विचारायला हवं ते हे: किती हलका स्पर्श झाला की रेघ उमटायला लागते? हा आकडा खोक्यावर नसतो आणि देवनागरीच्या बाबतीत सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

"टिंब कुठे गेलं?"

रोमन लिपीत एक शब्द हात न उचलता लिहिता येतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला पेन दोन-तीनदा उचलावं लागतं: आधी अक्षराचं अंग, मग काना, मग मात्रा, मग वरचं टिंब, शेवटी शिरोरेषा. सरांचा हात जलद आणि हलका. त्यांचं टिंब म्हणजे कागदाला पेनाचा नुसता निसटता स्पर्श.

आम्ही एक ओळ ठरवली: "संगीताच्या अंकात मंद रंगसंगती, मंचावर संथ संचार." हीच ओळ तिन्ही यंत्रांवर, तिघांच्या हातून, सरांच्या नेहमीच्या वेगाने. पहिल्या यंत्रावर सरांची ओळ लिहून झाली तेव्हा "मंद" चा "मद" झाला होता आणि "मंचावर" मधलं टिंब गायब होतं. सर म्हणाले, "अगं, मी दिलंय की टिंब. कुठे गेलं?" बाईंनी तीच ओळ शाळेच्या फळ्यावर लिहावी तशी सावकाश, ठासून लिहिली, तेव्हा सगळी टिंबं आली. म्हणजे पेन बिघडलेलं नव्हतं. त्याला जेवढा दाब लागत होता तेवढा सरांचा हात टिंबाला देत नव्हता. पेनाच्या सेटिंगमध्ये जाऊन दाब हलका करून पाहिला, थोडा फरक पडला, पण पुरता नाही. काही अॅपमध्ये आणखी एक घोळ होतो: अगदी क्षणभराचा स्पर्श लेखन न मानता "निवड करायची आहे" असं समजून घेतला जातो आणि टिंबाऐवजी शेजारचा शब्द निवडला जातो.

दुसऱ्या यंत्राचं पेन यंत्राच्याच खोबणीत बसणारं, बारीक. खोबणीत असताना चार्ज होत राहतं, हरवण्याची भीती कमी, ही त्याची फार मोठी सोय. टिंबं बरी उमटली. पण शिरोरेषा सावकाश ओढली की तिला लाटा येत. एमपीपी आणि एईएस पेनांत हे होऊ शकतं: पडद्यातल्या जाळीच्या दोन तारांमध्ये पेन नेमकं कुठे आहे याचा अंदाज यंत्र बांधतं आणि रेघ सावकाश किंवा तिरकी असली की तो अंदाज डोळ्यांना दिसतो. तपासायचा उपाय सोपा: पट्टी धरून पडद्यावर एक तिरकी रेघ अगदी हळू ओढायची. जलद ओढलेली रेघ कुठल्याही यंत्रावर सरळच दिसते, दुकानदारही तशीच ओढून दाखवतो. बारीक पेनाने सरांची बोटंही लवकर आखडली. अर्धा अंक लिहून झाल्यावर त्यांनी ते खाली ठेवलं.

तिसरं यंत्र ईएमआर पेनाचं. टिंबं आली, शिरोरेषा सरळ आली. त्याची कमजोरी कडेला सापडली. पडद्याच्या अगदी काठाशी लिहिलं तर पेनाचं टोक आणि उमटणारी रेघ यांच्यात किंचित अंतर पडतं. ईएमआरमध्ये कडेला अचूकता कमी होणं हे जुनं, माहीत असलेलं दुखणं आहे. संहितेचा समास नेमका काठालाच असतो, म्हणून ही गोष्ट लिहून ठेवली. तिचा मार्ग पुढे निघाला.

टोकाचा आवाजही ऐकून घ्यावा. कठीण टोकाचं पेन काचेवर टकटक करतं. सभागृहात एखादा नट हळव्या प्रवेशात असताना पहिल्या रांगेत बसून टकटक लिहिणारा दिग्दर्शक नटाला त्रास देतो. मऊ टोकाची पेनं जवळजवळ निःशब्द असतात, मात्र त्यांची टोकं झिजतात आणि अधूनमधून बदलावी लागतात. काचेवर कागदासारखी खरखर देणारी फिल्म मिळते, तीही लावून पाहिली. हाताला छान वाटतं, पण मॅट फिल्ममुळे बारीक अक्षर किंचित रवाळ दिसतं. बाईंनी ती लगेच काढायला लावली.

पावसाळी हवा

ही चाचणी आधी ठरवलेली नव्हती, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी ठरली.

सर पणजीत नोकरी करतात. कार्यालयात एसी. जुलैत तिथून निघून बसने फोंड्याला यायचं आणि तडक तालमीला. एका संध्याकाळी त्यांनी बॅगेतून पहिलं यंत्र काढून उघडलं आणि दोन-तीन मिनिटांत काचेवर धुकं धरलं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा सत्तावीस अंश आणि नव्वद टक्के आर्द्रतेची असली की सुमारे पंचवीस अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. एसीत बावीस-तेवीस अंशांवर दिवसभर राहिलेली धातूची बॉडी आणि काच त्याच्या खालीच असते, आणि जाड बॅगेत ती तासभरही थंड राहू शकते.

काचेवर ओल आली की बोटाचा स्पर्श ओळखणारी जाळी गोंधळते, कारण तिला पाणीही बोटासारखंच वाटतं. पानं आपोआप सरकू लागली, तळव्याखाली नको तिथे रेघा उमटू लागल्या. एमपीपी आणि एईएस पेनं त्याच जाळीवर अवलंबून, म्हणून त्यांचंही लेखन अडखळतं. ईएमआर पेन चुंबकीय क्षेत्रावर चालतं, त्याला ओलीचं काही वाटत नाही. तिसऱ्या यंत्रावर आम्ही हीच परिस्थिती मुद्दाम आणली. बोटाने पान उलटेना, पण पेनाचं लेखन जसंच्या तसं राहिलं. घामट तळव्याचंही तेच.

दव हे आतल्या भागांनाही घातक, हे वेगळं सांगायला हवं. एसीतून आलेलं यंत्र बॅगेतच, चेन लावलेली ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्यावं आणि मगच सुरू करावं. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, अधूनमधून बदलाव्यात. आता आमच्याकडे तालमीआधीचा चहा या कामी येतो: चहा होईपर्यंत बॅग उघडायची नाही.

हलकं म्हणजे किती

वजनाचा आकडा जाहिरातीतून घेऊ नये, काट्यावर बघावा. शेजारच्या किराणा दुकानात आम्ही यंत्र, पेन, कव्हर आणि चार्जर एकत्र ठेवलं. "हलकं १.३५ किलो" म्हणून दिलेलं दुसरं यंत्र सगळ्यासकट पावणेदोन किलोंच्या पुढे गेलं. बॅगेत एवढं चालतं. कदंबच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यालाही चालतं.

हातात धरायचं झालं की हिशेब वेगळा. नेहमीच्या ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचं एक पान पावणेपाच ग्रॅमच्या आत असतं. ऐंशी पानांची संहिता पावणेचारशे ग्रॅम, पाठपोट छापली तर त्याच्या निम्मी. १.३५ किलोचं यंत्र म्हणजे पावणेतीनशेहून जास्त पानांचं बाड एका हातावर. सर तालमीत बसत नाहीत. रंगमंचावर चढतात, नटाला खांद्याला धरून जागेवर उभं करतात, खाली येऊन लांबून बघतात. कीबोर्ड मागे वळवून टॅब्लेट केलेलं यंत्र डाव्या हातावर घेऊन त्यांनी पहिला अंक उभा केला आणि हात बदलत राहिले. मागे वळलेल्या कळा बोटांखाली येत राहतात. त्या त्या वेळी बंद असतात, तरी पकड सुखाची नसते. ज्यांना उभ्यानेच लिहायचं आहे त्यांनी कीबोर्ड वेगळा निघणारं यंत्र बघावं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोची अलीकडची तेरा इंची मॉडेलं कीबोर्डशिवाय सुमारे ८८० ते ८९५ ग्रॅमची आहेत. अकरा इंची टॅब्लेट त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात.

टॅब्लेट करून यंत्र खाली ठेवलं की कीबोर्डची बाजू जमिनीकडे जाते, हेही खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. देवळाच्या सभागृहाची फरशी स्वच्छ असते, पण बाहेरच्या मांडवात चिऱ्याची तांबडी धूळ असते आणि ती कळांच्या फटीत शिरते. आम्ही खाली ठेवायला एक पातळ फोमची चटई घेतली.

पान पडद्यावर किती मावतं

इंच एकच असले तरी पडद्याचा आकार वेगळा असतो, आणि उभ्या पानाच्या कामात तो निर्णायक ठरतो. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद. १४ इंची, १६:१० प्रमाणाचा पडदा उभा धरला तर त्याची रुंदी १८.८ सेंटिमीटर, म्हणजे पान मूळच्या नव्वद टक्के दिसतं. १४ इंचीच, पण १६:९ प्रमाणाचा पडदा १७.४ सेंटिमीटरचा, पान त्र्याऐंशी टक्के. तिसरं यंत्र १३.३ इंची, १६:९. त्याची रुंदी १६.६ सेंटिमीटर, पान एकोणऐंशी टक्के. बारा पॉइंटचं अक्षर तिथे साडेनऊ पॉइंटचं होतं. पेन सगळ्यात चांगलं आणि पान सगळ्यात लहान, असा पेच पडला.

तो यंत्राने सुटला नाही, संहितेने सुटला. नवीन संहिता आम्हीच टाईप करणार, तर ती ए-फोरवर का करायची? वर्डमध्ये पानाचं मापच १६.६ बाय २९.४ सेंटिमीटर केलं, अक्षर चौदा पॉइंट, उजवीकडे साडेचार सेंटिमीटर समास, आणि समासाचा शेवटचा एक सेंटिमीटर मोकळा सोडायचा, म्हणजे ईएमआरची कडेची कसर लिहिताना आड येत नाही. पान पडद्याएवढं झालं. पानं वाढली, पण पडद्यावरच्या पानांचं वजन होत नाही.

जुन्या संहितांचं मात्र असं करता आलं नाही. त्या डीटीपी केंद्रांत युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाईप झालेल्या. पीडीएफमध्ये दिसतात नीट, पण त्यातला मजकूर कॉपी केला तर निरर्थक चिन्हं येतात आणि शब्द शोधून सापडत नाही. आपल्याकडच्या मंडळांनी निदान यापुढे तरी संहिता युनिकोडमध्येच करून घ्याव्यात, असं मला फार मनापासून वाटतं. एवढी वर्षं टाईप झालेली नाटकं केवळ फॉन्टपायी बंद पेटीत पडल्यासारखी आहेत.

विंगेत

प्रयोगात प्रॉम्प्टर विंगेत बसतो, प्रेक्षकांपासून काही फुटांवर. तिथे यंत्राने तीन गोष्टी करता कामा नयेत: आवाज, उजेड आणि आगंतुक सूचना.

आवाजासाठी आम्ही राजीव गांधी कला मंदिरासारख्या मोठ्या प्रेक्षागृहाची वाट पाहिली नाही. रात्री सभागृहाचे पंखे बंद करून यंत्र चालू ठेवलं आणि एकेक जण हातभर अंतरावर बसलो. नुसत्या पीडीएफला पंखा फिरायला नको, तरी दुसऱ्या यंत्राचा फिरत होता. मागे विंडोजचं अपडेट उतरत होतं. पॉवर मोड कमीत कमी खर्चावर ठेवला आणि अपडेट थांबवलं, तेव्हा शांत झालं.

उजेडाचं मला माझ्या कामामुळे जास्त जाणवतं. काळोख झाला, नेपथ्य बदलतंय, आणि विंगेतून पडद्याचा पांढरा पट्टा मंचावर पडतोय, हे मला चालत नाही. साध्या एलसीडी पडद्याचा प्रकाश सगळ्यात कमी केला तरी मागचा दिवा जळतच असतो, काळा भागसुद्धा करडा दिसतो. तिसऱ्याचा पडदा ओएलईडी होता. त्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. पीडीएफचे रंग उलटे करून काळ्यावर मंद अक्षरं ठेवली की उजेड जवळजवळ राहत नाही. ओएलईडी पडदे कमी प्रकाशात सूक्ष्म फडफडतात आणि काहींचे डोळे त्याने दुखतात, म्हणून बाईंना दोन अंक सलग वाचायला लावले. त्यांना त्रास झाला नाही. तुमच्या माणसाला होतो का, हे त्याच्याच डोळ्यांनी बघावं.

बाईंना यंत्र तंबूसारखं उभं करून, पडदा आडवा ठेवून आवडलं. आडव्या पडद्यावर ए-फोरचं पान चाळीस टक्के मोठं दिसतं, बारा पॉइंटचं अक्षर जवळजवळ सतरा पॉइंटचं होतं. एका वेळी पानाचा पाचांपैकी दोन भाग दिसतो आणि सतत सरकवावं लागतं, पण प्रॉम्प्टरला तसंही चाललेल्या वाक्याभोवतीचंच हवं असतं. जुन्या संहितांचा प्रश्न असा सुटला.

विमान मोड चालू करावा. ब्लूटूथ बंद झालं तरी पेन लिहितं. ब्लूटूथ लागतं ते पेनावरच्या बटणाच्या काही कामांसाठी. आणि तालमीत पेन वापरताना बोटाचा स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोय विंडोजच्या पेन सेटिंगमध्ये आहे, ती सुरू केली की तळव्याच्या रेघा थांबतात.

बाकीचं थोडक्यात

प्रोसेसरवर वेळ घालवला नाही. आमच्या कामाला गेल्या दोन-तीन वर्षांतला कुठलाही साधा, कमी विजेचा प्रोसेसर पुरतो. रॅम १६ जीबीच घेतली, कारण अशा पातळ यंत्रांत ती बहुधा बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. बॅटरी वापरलेल्या यंत्रावर तपासताना कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी"चा बॅटरी अहवाल काढावा. मूळची क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही त्यात दिसतात. पावसात लाईट गेली तरी तीन तासांची तालीम पुरी व्हावी एवढंच आमचं मागणं होतं. टाईप-सीने चार्ज होणारं यंत्र घेतल्याने फोनचा ताकदवान चार्जर अडीअडचणीला चालतो.

सॉफ्टवेअरमध्ये दोन पाहिली. एज ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडून थेट लिहिता येतं आणि ते त्याच फाइलमध्ये जतन होतं. कुणाच्याही फोनवर दिसतं. झूर्नल प्लस प्लस हे मोफत आणि मुक्त स्रोत, त्यात थर करता येतात: सरांच्या हालचाली एका थरात, माझे प्रकाशसंकेत दुसऱ्यात. ते स्वतःच्या वेगळ्या प्रकारात जतन करतं, म्हणून वाटायच्या आधी पीडीएफ काढावी लागते. आम्ही थरांसाठी हेच घेतलं.

सेवाकेंद्राची चौकशी मात्र खरेदीआधी फोन करून केली. टचचा पडदा काच, स्पर्शजाळी आणि डिस्प्ले चिकटवलेला एकसंध असतो. काच फुटली तर सगळंच बदलावं लागतं. म्हणून अपघाती नुकसानाची हमी बजेटमध्ये धरली आणि त्यापायी स्टोरेज निम्मं घेतलं. त्यावर मंडळात वाद झाला. माझं मत ठाम होतं: स्टोरेज नंतरही वाढवता येईल, पडदा फुटला तर हंगाम जाईल.

काय ठरलं

ईएमआर पेनाचं, लहान पडद्याचं तिसरं यंत्र घेतलं. टिंबं आणि ओल या दोन गोष्टींवर निर्णय झाला. वजन, पान, पेन ठेवायची जागा या बाबतींत दुसरं सरस होतं. पण त्या अडचणींना आमच्याकडे उपाय होता: पानाचं माप बदललं, पेन कव्हरच्या खिशात दोरीला बांधलं. टिंब न उमटणाऱ्या पेनाला आमच्याकडे उपाय नव्हता.

उभ्याने चालणाऱ्या तालमीत सर अजून कागदाचीच प्रत हातात धरतात, आणि तसंच राहू द्यायचं आम्ही ठरवलं. तालीम संपली की बाकावर बसून ते कागदावरचं यंत्रावर उतरवतात, मी शेजारी बसून माझा थर भरते आणि पीडीएफ मंडळाच्या गटावर जाते. फाइलच्या नावात तारीख आणि अंक टाईप करून घालायचा नियम केला आहे, कारण हाताने लिहिलेलं शोधण्यापेक्षा नाव शोधणं सोपं. बाईंनी आपली छापील प्रत मांडीवर ठेवून पहिला प्रयोग केला, पण वाचलं पडद्यावरून. पुढच्या उत्सवात छापील प्रत विंगेतल्या खुर्चीखाली असेल, म्हणजे यंत्र बंद पडलं तर हाताशी. ती प्रतही आता सरांच्या शेवटच्या पीडीएफवरूनच छापलेली असते.